दुसरी खिडकी

४ फेब्रुवारी

सोन्या,

आईच्या पोटात गाठ आहे. अंडाशयाची, आणि मोठी. डॉक्टरीणबाई म्हणतात लगेच काढायला हवी. आई नाही म्हणतेय, आणि ते तुझ्यामुळे.

ही पहिली ओळ मुद्दाम अशी लिहिली. 'प्रिय' वगैरे घालत बसले असते तर तू तिथेच कागद बाजूला ठेवला असतास. फोनवर माझा आवाज ऐकला की तू "मीटिंगमध्ये आहे ताई" म्हणून कापतोस. मेल तुझी ती सेक्रेटरी वाचते आणि मला हसऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवते. कागदाचं बरं असतं. फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

आता पुढचं वाच. गेले काही महिने आईचे कपडे कमरेला घट्ट होत होते आणि हातपाय मात्र काटकुळे होत चालले होते. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायची. मी म्हटलं दाखवू या. ती म्हणाली, "कशाला? माझी दर महिन्याची तपासणी होते." म्हणजे तुझ्या कंपनीच्या, अंडाशयाचा कॅन्सर ओळखणाऱ्या पट्टीची. तू खोकंच्या खोकं पाठवून ठेवलंयस ना. पहिल्या तारखेला ती बोट टोचते, थेंब टाकते, चष्मा लावून बघत बसते. वरची रेघ आली, म्हणजे पट्टी चालली. खालची आली नाही, म्हणजे रोग नाही. मग ती पट्टी चष्म्याच्या घरात ठेवते आणि आल्यागेल्याला दाखवते. शेवटी मामाने "मला सोबत हवी" म्हणून स्वतःच्या गुडघ्यांचं निमित्त केलं आणि तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा कुठे तिचं स्कॅन झालं.

डॉक्टरीणबाईंनी स्कॅनचा फोटो उजेडाला धरला. हे अंडाशय, ही गाठ, हे पोटात साचलेलं पाणी. आईने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे चष्म्याचं घर उघडलं आणि जानेवारीची पट्टी टेबलावर ठेवली. पत्त्यांत हुकमाचा एक्का टाकतात तशी.

"हे बघा," म्हणाली. "खालची रेघ नाही."

"मावशी, पण स्कॅनमध्ये गाठ स्पष्ट दिसतेय."

"ते मशीन कुणा दुसऱ्याच्या मुलाने बनवलंय. हे माझ्या मुलाने बनवलंय."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही त्या जाहिरातीतल्या ना?" आणि आमची आई चक्क लाजली.

ती जाहिरात आठवते? नसेल आठवत तर आमच्या दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर ये, औषधांच्या दुकानाच्या काचेवर अजून चिकटवलेली आहे. आपल्याच स्वयंपाकघरात आई पट्टी हातात धरून हसतेय आणि खाली लिहिलंय, 'एक थेंब, एक रेघ. आता मी निर्धास्त.' ती खरोखरच निर्धास्त आहे, हाच तर वांधा आहे.

मला तुझ्याकडून जास्त काही नको. माफी नको, तुझं येणं नको. फोन उचल आणि आईला एवढंच सांग: "आई, माझी पट्टी चुकली. ऑपरेशन करून घे." माझं ती ऐकत नाही. मामाचं तिने जन्मात ऐकलेलं नाही. तुझं ऐकेल. तू सांगितलंस तर ही बाई चालत ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपेल.

ताई


१३ फेब्रुवारी

सोन्या,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे तुझ्या कंपनीचं. जाड कागद, वर चिन्ह, आणि खाली: 'आदरणीय ग्राहक, आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे.'

पाकिटावर मी ठळक अक्षरात 'खासगी' लिहिलं होतं. तरी ते उघडलं कुणी आणि 'आईच्या पोटात गाठ' हे वाचून 'आदरणीय ग्राहक' टाइप केलं कुणी? तळपायाची आग मस्तकात गेली. मामाला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "आदरणीय तरी म्हटलंय." मी त्याच्यावरही ओरडले. त्या बिचाऱ्याचा काय दोष.

मी ग्राहक! अरे, त्या पट्टीतलं सोनं मी शिजवलेलं आहे. आईने नाव तुझं सोन्या ठेवलं आणि सोनं करायला जुंपलं मला. आठवतं का ते तरी? सोन्याचं फिकट पिवळं पाणी उकळायला ठेवायचं, त्यात सायट्रेट घालायचं, आणि मग डोळा न हलवता बघत उभं राहायचं. आधी रंग उडतो, मग काळपट होतो, मग जांभळा, आणि शेवटी डाळिंबाच्या रसासारखा लाल. म्हणजे कण जमले. केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढे. भांडं आधी आम्लाने धुतलेलं नसेल तर सगळं मातीत. तू एकदा उघड्या हाताने आतून चंबू पुसलास, नुसता कोरडा करायला म्हणून, आणि माझा अख्खा घाणा निळा पडला. तू हसलास. "निळापण छान दिसतो ताई." मीही हसले होते तेव्हा. तेव्हा आपण एकमेकांशी बोलत होतो.

तुझ्या संबंधित विभागाला वाचायला मिळावं म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. माझ्या प्रत्येक कणावर एक हात असतो, त्या रोगाच्या प्रथिनाला धरणारा. पट्टीवर जिथे रेघ उमटायची तिथे दुसरा हात चिकटवलेला असतो, तोही त्याच प्रथिनाला धरणारा. रक्तात प्रथिन असलं की एका बाजूने कण त्याला धरतो, दुसऱ्या बाजूने पट्टी धरते. कण तिथे अडकतात, लाल रेघ दिसते. प्रथिन नसलं की कण वाहून जातात आणि रेघ येत नाही. इथवर तुझ्या जाहिरातवाल्यांनाही कळतं.

पण प्रथिन फारच जास्त असलं तर? मग कणाच्या हातात आधीच एक प्रथिन आणि पट्टीच्या हातात दुसरंच. दोघांचेही हात सामानाने भरलेले, मग एकमेकांना धरणार कोण? कण तसेच वाहून जातात. रेघ नाही. म्हणजे थोडा आजारी असेल त्याला रेघ, आणि सगळ्यात जास्त आजारी असेल त्याची पट्टी कोरी करकरीत. आपल्या धंद्यात हे कुणाला माहीत नाही असं नाही. म्हणून तर मी पट्टीवर दुसरी खिडकी, म्हणजे थेंब टाकायची दुसरी जागा, केली होती. पहिल्या खिडकीत रक्त तसंच टाकायचं. दुसरीत तेच रक्त मिठाच्या पाण्याने भरपूर पातळ करून. पहिली कोरी आणि दुसरीत रेघ आली तर समजायचं, प्रकरण हाताबाहेर चाललंय, धावा.

ती खिडकी तू काढलीस. काचेच्या भिंतींच्या त्या खोलीत, सगळ्यांसमोर. मी उठून विचारलं तेव्हा तू काय म्हणालास ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "दोन खिडक्या बघून माणूस गोंधळतो, ताई. लोकांना उत्तर हवं असतं, कोडं नको असतं. आणि ज्याच्या रक्तात इतकं प्रथिन असेल त्याला पट्टीची गरजच काय? तो आधीच दवाखान्यात असेल."

सगळे मान डोलावून हसले होते. मग तू माझ्याकडे हात करून म्हणालास, "ताईला शंका आल्याशिवाय जेवण पचत नाही." ते परत हसले. त्या दिवसानंतर मी तुझ्या कंपनीची पायरी चढले नाही.

तर आता ऐक. ती दवाखान्यातच होती, सोन्या. डॉक्टरांच्या टेबलासमोर बसलेली होती. हातात तुझी पट्टी घेऊन.

परवा मी माझ्या हल्लीच्या नोकरीतल्या प्रयोगशाळेतून मिठाचं पाणी घेऊन घरी गेले. म्हटलं डोळ्यांनी बघू दे, मग पटेल. मामाला साक्षीदार म्हणून बसवलं. तुझ्याच खोक्यातल्या दोन पट्ट्या घेतल्या. एकीवर आईचं रक्त जसंच्या तसं. कोरी. दुसरीवर तेच रक्त पातळ करून. मी वर बघितलंही नव्हतं तोवर मामा ओरडला, "आली, आली!" खालची रेघ अशी आली की चष्मा लागू नये. माझेच कण, माझाच लाल. मला रडू आलं. दोन वर्षांपूर्वी असा लाल बघून आपण नाचलो असतो.

आईने दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या, उलटसुलट करून बघितल्या आणि मला विचारलं, "तू यात पाणी घातलंस?"

"हो आई, पण ते—"

"पाणी घातलंस."

तू विसरला असशील, मी विसरले नव्हते पण त्या वेळी मला सुचलं नाही. आई आयुष्यभर दूध संकलन केंद्रावर बसली. कॅन समोर आला की आधी माणसाच्या डोळ्यांत बघायची, मग दुधात. पाणी घालणाऱ्याला तिने कधी सोडलं नाही, सख्ख्या चुलतदिराचा कॅन गटारात ओतला होता. तिच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं, पाणी घालणारी आणि न घालणारी.

"दुधात पाणी घातलं तर मलई वाढते का गं?" तिने मला विचारलं. "कमी होते. मग रक्तात पाणी घातल्यावर रोग वाढेल कसा? नव्हता तो आला कुठून? काहीतरी तुझ्या पाण्यातच आहे."

मी हातांचं सांगितलं, सामानाचं सांगितलं. चित्र काढून दाखवलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सगळं आयुष्य परक्यांना पकडलं. आता पोटच्या पोरीला पकडायची वेळ आली. भावाचं नाव झालं ते बघवत नाही का तुला?"

मी उठून अंगणात गेले. मामा मागोमाग आला.

ती चुकत नाहीये, सोन्या. तिला जे ठाऊक आहे त्यातून ती बरोबर हिशेब करतेय. चूक तुझी आहे, आणि ती तुझ्याच तोंडून ऐकल्याशिवाय तिला खरी वाटणार नाही. फोन कर.

ताई

ता.क. आणि संबंधित विभागाला माझा नमस्कार सांग.


२४ फेब्रुवारी

फोन केलास. फार उपकार झाले.

आईने फोन स्पीकरवर टाकला होता हे तुला माहीत नव्हतं. खोलीत मी होते, मामा होता. डॉक्टरीणबाईंनी आदल्या दिवशीच तिच्या पोटातलं पाणी काढलं होतं म्हणून तिला जरा हुशारी आली होती, उशीला टेकून बसली होती. तुझा आवाज आला तसा तिचा चेहरा काय झाला ते तू बघायला हवं होतंस.

तू म्हणालास, "आई, पट्टीत तसं चुकण्यासारखं काही नाही. लाखो लोक वापरतात. पण डॉक्टर म्हणत असतील तर त्यांचंही एकदा ऐकून घे. शेवटी तुझ्या मनाला पटेल तसं कर."

तुझ्या मनाला पटेल तसं कर! अरे, हे काय वाक्य आहे? साप मरावा आणि काठीही तुटू नये असं बोलायला कुठे शिकलास? मी तुला एक वाक्य दिलं होतं. तयार, हातात. त्यातलं 'चुकली' तेवढं गाळून उरलेलं सगळं बोललास. माझ्या पट्टीतून दुसरी खिडकी काढलीस तशीच.

फोन ठेवल्यावर आई माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंस? चुकण्यासारखं काही नाही." आणि जे जेवण दोन दिवस नको म्हणत होती ते मागून घेतलं. दोन घास खाल्ले. तेवढेच जातात आता.

पण मला खरा राग कशाचा आलाय, सांगू? तू मूर्ख असतास तर मी सोडून दिलं असतं. मध्येच तू विचारलंस, "पोट कधीपासून फुगलंय?" आई म्हणाली, "झाले की बरेच महिने." आणि तू गप्प झालास. आईला वाटलं फोन कटला, तिने "हॅलो, हॅलो" केलं. फोन कटला नव्हता. मी तुला लहानपणापासून ओळखते. काही फोडून आलास की असाच गप्प व्हायचास. त्या गप्प होण्यात तू मनातल्या मनात सगळं मांडलंस. कोरी पट्टी, फुगलेलं पोट, दुसरी खिडकी. तुला कळलं. आणि कळल्यावर तू म्हणालास, तुझ्या मनाला पटेल तसं कर.

का, ते मलाही कळतं. काचेवरच्या जाहिरातीतल्या बाईलाच तो रोग निघाला, आणि तिच्या हातातली पट्टी कोरी होती, हे बाहेर पडलं तर तुझं काय होईल? म्हणून मूग गिळून बसलायस. आई वाचली तर तुझी पट्टी मरते, असा सगळा मामला आहे. निवडलंस तू. निदान आरशात बघून एकदा मोठ्याने म्हण की मी निवडलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता फार थांबलो तर नंतर काढण्यासारखं काही उरणार नाही. मी त्यांच्यासमोर रडले नाही. बाहेर येऊन जिन्यात बसले. एक अनोळखी बाई वर जाताजाता थांबली आणि विचारलं, कोण आजारी आहे? मी म्हटलं, भाऊ.

नाव लिहीत नाही. पत्र कुणाचं आहे ते अक्षरावरून कळेल.


५ मार्च

सोन्या,

आईचं ऑपरेशन येत्या मंगळवारी आहे. तिने सही केली.

तू काही केलंस म्हणून नाही. तुझं तोंड उघडत नाही म्हटल्यावर मी तुझ्या नावाने बोलले. मला त्याची लाज वाटत नाही. तुला कळवून ठेवतेय, कारण यातलं निम्मं ओझं तुझं आहे.

काल सकाळी मी आईच्या शेजारी बसले. ती खिडकीतून रस्ता बघत होती. मी म्हटलं, "आई, सोन्या एका अडचणीत आहे."

ती लगेच वळली. पोट धरून, पण वळली. मी गेला महिनाभर तिच्याशी तिच्या जिवाबद्दल बोलत होते तर भिंतीकडे तोंड करत होती.

"काही लोक म्हणतायत त्याची पट्टी खोटी आहे," मी म्हटलं. "त्यांची तोंडं बंद करायची तर त्याला तुझी गाठ हवी आहे. फोटोतली नाही, हातात. ती कापून बघायची. साधी निघाली की पट्टी खरी ठरली. पण तुझ्याकडे मागायचं कसं म्हणून तो गप्प आहे. त्या दिवशी फोनवर त्याला हेच बोलायचं होतं."

"म्हणून मध्येच गप्प झाला होय!" आई म्हणाली.

"हो."

"मग आधी नाही का सांगायचं? वेडा आहे अगदी. आईकडे मागायला लाजतो!" आणि ती हसली. किती दिवसांनी हसली. मग मला म्हणाली, "बाईंना सांग, काढायचीच तर सगळी काढा म्हणावं. अर्धवट नको. तपासायला कमी पडायला नको पोराला."

मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. तुझ्यावर राग, तिच्यावर राग. जिवासाठी नको म्हणणारी बाई तुझ्या नावासाठी पोट फाडून घ्यायला एका मिनिटात तयार झाली. मला विचारशील तर हे प्रेम नाही, ही मस्करी आहे, आणि ती माझ्या नशिबी आलीय. मी खोटं बोलून तिला वाचवायचं, आणि तिने जगायचं ते तुझ्यासाठी.

मामाने दाराआडून सगळं ऐकलं होतं. "खोटं बोललीस," म्हणाला.

"हो."

"चांगलं बोललीस." आणि कधी नव्हे तो स्वतः उठून दोन कप चहा करायला लागला. साखर घालायची विसरला. प्यालो आम्ही तसाच.

डॉक्टरीणबाईंना मी खरं ते सांगितलं. त्या फार अवघडल्या. अशी सही त्यांना नको होती. त्यांनी आईला एकटीला आत घेतलं, दार लावलं आणि सरळ सांगितलं: हा कॅन्सर आहे असं मला वाटतं, मी गाठ काढतेय ती तुमचा जीव वाचावा म्हणून, मुलाच्या कामासाठी नाही. आई म्हणाली, "तुम्ही तुमच्या कारणासाठी काढा, मी माझ्या कारणासाठी देते." बाई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "ऐकलंय त्यांनी सगळं. समजलंयही." मग म्हणाल्या, "भावाला बोलवा."

बोलावतेय.

ताई


१८ मार्च

सोन्या,

तू आला नाहीस. फुलं आली. एवढा मोठा गुच्छ की तिच्या खाटेशेजारी ठेवायला जागा नव्हती. नर्सने उचलून बाहेर ठेवला, कारण त्या खोलीत फुलं चालत नाहीत. साधी चौकशी केली असतीस तर कळलं असतं.

ऑपरेशन झालं. गाठ काढली, आजूबाजूला पसरलेलंही बरंचसं काढलं. तपासणीचा अहवाल काल आला. तोच रोग आहे. सलाइनमधून औषधं द्यावी लागतील, केस जातील, दिवस कठीण येतील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आलो असं नाही म्हणता येणार. पण अजून हातात काहीतरी आहे." म्हणजे आई आहे, सोन्या. अजून आहे. हे वाक्य लिहिताना माझा हात जरा हलका झाला. लगेच परत जड झाला, कारण दर महिन्याला पहिल्या तारखेला बोट टोचणाऱ्या अशा आणखी किती बायका असतील, आणि त्यांच्या घरी खोटं बोलायला मुलगी असेल की नसेल, ते मला माहीत नाही.

म्हणून एक काम केलंय. तुला विचारून नाही, करून मग सांगतेय. आईच्या त्या दोन पट्ट्या, कोरी आणि लाल, आणि काढलेल्या गाठीचा अहवाल, हे सगळं ज्यांनी तुझ्या पट्टीला परवानगी दिली त्यांच्याकडे मी पाठवलं. शेजारी दोन खिडक्यांचं जुनं चित्र जोडलं. मी कोण आणि तुझी कोण हेही लिहिलं. तू मला कोर्टात खेचणार असशील तर खेच. काचेच्या खोलीत उठून उभी राहिले होते, तिथेही उभी राहीन. आणि त्याआधी स्वतःहून बाजारातली खोकी परत मागवलीस, दुसरी खिडकी परत लावलीस, तर पहिली शाबासकी मीच देईन. सोनं शिजवायलाही येईन. लाल कसा येतो ते तुझ्या त्या लोकांना अजून धड जमत नाही, गेल्या खोक्यातली वरची रेघ जांभळट होती.

आता आईचं.

शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न माझ्यासाठी नव्हता हे तुला सांगायला नकोच. कोरड्या ओठांनी विचारलं, "काढली का सगळी?" मी म्हटलं, काढली. "पाठवली का त्याला?" मी म्हटलं, पाठवली. मग झोपली.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "बरणी स्वच्छ धुतलेली होती ना? तिथे पाण्याचा थेंब राहिला तर सगळं वाया जाईल म्हणावं." मी म्हटलं, कोरडी होती आई, मी स्वतः बघितली. मामाने तोंड फिरवलं.

बाईंनी अहवाल तिला नीट सांगितला. तिने मान हलवली. औषधं कधी सुरू करायची विचारलं, टाके कधी काढणार विचारलं. सगळं मान्य केलं. म्हणजे तिला कळलंय. रोग कळलाय. पण बाई खोलीतून गेल्यावर मला जवळ बोलावून म्हणाली, "त्यांची तपासणी त्यांच्यापाशी. सोन्या स्वतः बघेल ना, तेव्हा काय ते खरं कळेल. तो मला खोटं सांगणार नाही."

मला तिच्याशी भांडायचं नाही आता. ज्याच्याशी भांडायचं त्याला हे सगळं लिहितेय. तुझी ती चष्म्याच्या घरातली पट्टी ऑपरेशनला जाताना तिने मामाच्या हातात दिली होती, सांभाळायला. परत आल्यावर मागून घेतली. आज ती उशीखाली आहे.

तिची दवाखान्यातली खाट आता दारासमोर घेतलीय, जिन्यावरून कोण येतं ते दिसावं म्हणून. तिनेच सांगितलं घ्यायला.

आज सकाळी मी तिचे केस विंचरत होते. जायच्या आधी एकदा नीट विंचर म्हणाली. विंचरताना विचारलं, "पोचली का गं त्याला?"

"पोचली, आई."

"मग? काय म्हणाला?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते तू येऊन दे.

ताई